'लेवात जाम मालाम' (१९५४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वातंत्र्ययुद्ध संपवून घरी परतलेल्या एका इंडोनेशियन सैनिकाचा हा चित्रपट. तो पाहण्याआधी, पाहून झाल्यावर आणि चार लोकांना दाखवायला घेतल्यावर जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्या उत्तरांत शेवट उघड होतो तिथे तसं आधीच सांगितलं आहे.

नावाचा अर्थ काय?

'लेवात' म्हणजे उलटून गेलेलं, 'जाम' म्हणजे तास, 'मालाम' म्हणजे रात्र. पण 'जाम मालाम' हे शब्द जोडीने आले की अर्थ होतो संचारबंदी. म्हणजे नाव झालं 'संचारबंदीची वेळ उलटल्यावर'.

इंग्रजीत चित्रपट 'आफ्टर द कर्फ्यू' या नावाने ओळखला जातो आणि तिथे एक घोटाळा होतो. संचारबंदी उठल्यानंतरची, मोकळा श्वास घेण्याची ही गोष्ट असेल असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती नेमकी उलट आहे. संचारबंदी सुरू झाली, सगळे घरात गेले आणि एक माणूस बाहेर राहिला, त्याची ही गोष्ट.

शोधताना चित्रपट सापडत का नाही?

स्पेलिंगमुळे. १९७२ च्या लेखनसुधारणेपर्यंत इंडोनेशियन भाषेत 'ज' हा उच्चार रोमन लिपीत डी आणि जे अशी दोन अक्षरं जोडून लिहीत. त्यामुळे चित्रपटाच्या मूळ नावात 'जाम'ची सुरुवात डी-जेने होते, नव्या लिखाणात नुसत्या जेने. दोन्ही स्पेलिंग टाकून शोधा, तेही जमलं नाही तर इंग्रजी नाव आणि १९५४ हे साल टाका. पात्रांच्या आणि कलाकारांच्या नावांचंही तसंच. पूजा या पात्राचं नाव जुन्या नोंदींत डी-जेने लिहिलेलं असतं.

जाता जाता एक सूचना. आपल्या कानाला 'पूजा' म्हटलं की मुलगी वाटते. इथे पूजा हा पुरुष आहे, आणि महत्त्वाचा पुरुष आहे. सबटायटल वाचताना पहिल्या उल्लेखालाच हे लक्षात ठेवलं तर पुढे गोंधळ होत नाही.

कथा काय आहे? (शेवट न सांगता)

इस्कंदर शिक्षण सोडून लढायला गेलेला तरुण. युद्ध संपतं आणि तो बांडुंग शहरात परततो, तेही संचारबंदी सुरू असताना, रात्री. गस्तीवरचे शिपाई थांबायला सांगतात, हा पळतो, मागून गोळी सुटते. कसाबसा तो वाग्दत्त वधू नॉर्माच्या घरी पोहोचतो. ज्या देशासाठी लढला त्याच देशाच्या गणवेशातली माणसं घरी येण्याच्या पहिल्याच रात्री त्याच्यावर बंदूक रोखतात. शेवटपर्यंत हा प्रसंग विसरू नका.

दुसऱ्या दिवशी नॉर्माचे वडील त्याला गव्हर्नरच्या कचेरीत नोकरी लावून देतात. तिथे पहिल्याच दिवशी त्याचं बिनसतं. मग तो जुन्या सोबत्यांना शोधत फिरतो. गाफार आता बांधकामाचा कंत्राटदार झाला आहे. गुनावान हा त्यांचा जुना कमांडर, तो बडा व्यावसायिक बनला आहे. पूजा जुगारात आणि दलालीत बुडालेला आहे, त्याच्यासोबत लैला नावाची वेश्या राहते. संध्याकाळी नॉर्माच्या घरी इस्कंदरच्या स्वागताची मेजवानी आहे. पाहुणे जमतात आणि ज्याच्यासाठी जमले तोच घरात थांबत नाही.

हा चित्रपट कोणी केला?

दिग्दर्शक उस्मार इस्माइल, पटकथा अस्रुल सानी, छायाचित्रण माक्स तेरा. इस्कंदरच्या भूमिकेत ए. एन. अल्काफ, नॉर्मा झाली आहे नेत्ती हेरावाती, लैला धालिया, पूजा बांबांग हेर्मांतो, गुनावान आर. डी. इस्माइल आणि गाफार अवालुदिन.

उस्मार इस्माइल (१९२१–१९७१) पश्चिम सुमात्रातल्या बुकितिंगीचे. जपानी अमलात त्यांनी 'माया' ही नाट्यसंस्था उभी केली, क्रांतीच्या काळात, म्हणजे डच सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, ते सैन्यात होते आणि १९४८ मध्ये डचांनी त्यांना अटकही केली होती. ३० मार्च १९५० रोजी त्यांच्या 'दाराह दान दोआ' या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं. तोच दिवस आज इंडोनेशियात राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून पाळतात. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शिकून ते परतले, आणि त्यानंतरच्या वर्षी हा चित्रपट आला. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर 'राष्ट्रीय वीर' हा सन्मान मिळाला.

अस्रुल सानी मुळात कवी, आणि शिक्षणाने पशुवैद्य. खैरील अन्वर आणि रिवाई अपिन यांच्यासोबतचा त्यांचा संयुक्त कवितासंग्रह १९५० मध्ये आला होता. पटकथेतली काटकसर कवीच्या हातची आहे असं आम्हांला वाटतं. कोणतंही पात्र आपल्या दुःखावर लांबलचक भाषण देत नाही.

निर्मितीसाठी दोन संस्था एकत्र आल्या: उस्मार यांची पेर्फिनी आणि जमालुद्दीन मलिक यांची पेर्सारी. पेर्फिनी गंभीर चित्रपटांसाठी ओळखली जायची आणि तिची तिजोरी नेहमी रिकामी असायची. पेर्सारी करमणूकप्रधान चित्रपट काढायची आणि तिच्याकडे पैसा होता.

'युद्ध' म्हणजे दुसरं महायुद्ध का?

नाही. पाहणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक इथे होते. इस्कंदर लढला ते महायुद्ध संपल्यानंतरचं युद्ध. जपानने शरणागती पत्करल्यावर १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. डच परत सत्ता घ्यायला आले. चार वर्षं वाटाघाटी, तह, आक्रमण आणि गनिमी लढाई असं चालू राहिलं, आणि २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व सोपवलं.

बांडुंगला या युद्धात वेगळं स्थान आहे. मार्च १९४६ मध्ये शहराचा दक्षिण भाग रिकामा करा असा ब्रिटिशांचा आदेश आला, तेव्हा रहिवाशांनी आणि सैनिकांनी २३–२४ मार्चच्या रात्री शहराला स्वतःच आग लावली आणि ते डोंगरांकडे निघून गेले. 'आगीचा समुद्र झालेलं बांडुंग' म्हणून ही रात्र तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. इस्कंदर परततो तो या शहरात. आणि शहरात आता नवे फर्निचर, नवे सूट आणि मेजवान्या आहेत.

मराठी माणसाचा या इतिहासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अवघड जागचा आहे. जपान्यांना निःशस्त्र करायला ब्रिटिशांनी जावावर पाठवलेलं सैन्य मुख्यतः भारतीय होतं: २३ वी भारतीय डिव्हिजन. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायात उतरलेल्या तिच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. याच ब्रिगेडचे प्रमुख मॅलबी ३० ऑक्टोबरला तिथे मारले गेले आणि नोव्हेंबरमध्ये सुराबायाची मोठी लढाई पेटली. बांडुंगमध्ये याच डिव्हिजनचे गुरखा सैनिक होते. स्वतः पारतंत्र्यात असलेले सैनिक दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटेत उभे केले गेले. चित्रपटात यातलं काहीच दिसत नाही. पण महाराष्ट्रातल्या काही घरांतले आजोबा-पणजोबा ज्या जावाबद्दल फारसं बोलले नाहीत, ती हीच जावा.

स्वातंत्र्य मिळालं तरी संचारबंदी का?

कारण शांतता आली नव्हती. पश्चिम जावात कार्तोसुविर्यो या बंडखोर नेत्याने ऑगस्ट १९४९ मध्ये वेगळं इस्लामी राज्य जाहीर केलं होतं आणि त्यांचं सशस्त्र बंड पुढे कित्येक वर्षं चाललं. २३ जानेवारी १९५० रोजी माजी डच अधिकारी वेस्टरलिंग याच्या माणसांनी खुद्द बांडुंगवर हल्ला करून अनेक सैनिक मारले. शिवाय शस्त्रं हातात राहिलेले, पण कुठल्याच पलटणीत न बसलेले तरुण सगळीकडे होते. नव्या सरकारला अशा माणसांची भीती वाटत होती, आणि इस्कंदर त्यांच्यातलाच एक आहे.

इस्कंदर इतका अस्वस्थ का असतो? (इथून पुढे शेवट उघड होतो)

युद्धाच्या काळात गुनावानच्या हुकमावरून त्याने एका निर्वासित कुटुंबाला ठार मारलं आहे. ते शत्रूचे हेर आहेत असं त्याला सांगण्यात आलं होतं. ती माणसं त्याच्या डोळ्यांपुढून जात नाहीत. नंतर पूजाकडून त्याला खरं कळतं: त्या कुटुंबाजवळचे दागिने गुनावानने घेतले आणि त्यांतूनच त्याच्या आजच्या धंद्याचं भांडवल उभं राहिलं.

या चित्रपटाची चर्चा बहुतेक वेळा 'समाजाने सैनिकाला स्वीकारलं नाही' एवढ्यावर थांबते. ते वाचन अर्धवट आहे असं आम्ही ठामपणे म्हणू. समाज इस्कंदरशी वाईट वागत नाही. नॉर्मा त्याच्यावर जीव लावते, होणारे सासरे नोकरी देतात, गाफार समजुतीने बोलतो. दारं उघडी असूनही त्याला आत जाता येत नाही, कारण आपण काय केलं हे त्याला माहीत आहे आणि ते या घरात कोणाला सांगता येत नाही. तो निर्दोष नाही, आणि चित्रपट त्याला निर्दोष ठरवायची धडपडही करत नाही. हुकूम दुसऱ्याचा होता, पण हात त्याचे होते.

१९५४ मध्ये, सार्वभौमत्व मिळून पाच वर्षंही झाली नसताना, क्रांतीच्या बाजूनेच निरपराधांचा खून झाला आणि त्यावर कुणीतरी श्रीमंत झालं हे पडद्यावर मांडणं सोपं नव्हतं. दिग्दर्शक स्वतः त्याच सैन्यातला, म्हणून या आरोपाला वजन आहे.

लैलाची ती कात्रणं कशासाठी आहेत?

लैला सचित्र मासिकांतून वस्तूंची चित्रं कापते आणि जपून ठेवते. तिला हवं असलेलं घर आणि सुख तिच्याजवळ फक्त कागदावर आहे. ती ते इस्कंदरला दाखवते, एखादी बाई लग्नाचे फोटो दाखवते तसं. धालियाने हा प्रसंग रडवेला केलेला नाही, तिचा चेहरा आनंदी आहे, आणि म्हणूनच तो पाहवत नाही.

हे पाहताना नॉर्माची खरेदी आठवावी. तीच दुकानं, त्याच वस्तू, पण एकीला त्या मिळतात आणि दुसरीला त्यांची चित्रं. दोघींच्या मध्ये इस्कंदर आहे आणि त्याला यांतल्या कुठल्याच घरात झोप लागणार नाही. गटात चर्चा घेत असाल तर चित्रपट संपल्यावर हे दोन प्रसंग पाठोपाठ पुन्हा लावा, दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी इस्कंदर मरतो ती शिक्षा म्हणायची का?

इस्कंदर गुनावानला गोळी घालतो. मग संचारबंदी लागलेल्या रस्त्यावरून नॉर्माच्या घराकडे धावत सुटतो, गस्तीचा इशारा येतो, तो थांबत नाही आणि मारला जातो. मेजवानीच्या घराजवळच.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर त्याला मारणाऱ्या शिपायांना खून माहीतच नाही. ते फक्त वेळ मोडणाऱ्या माणसावर गोळी झाडतात. सुरुवातीला चुकलेली गोळी शेवटी लागते आणि मधला सगळा दिवस ही फक्त मिळालेली सवलत होती असं वाटायला लागतं. आम्ही याला शिक्षा म्हणणार नाही. गुनावानचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात उभा राहिला नाही, तो इस्कंदरबरोबर रस्त्यावर संपला, आणि त्या कुटुंबाचं नाव कोणी घेतलं नाही. खरी बोच ही आहे.

पुरस्कार मिळाले का?

१९५५ च्या पहिल्या इंडोनेशियन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, पण तो पेर्सारीच्याच 'तारमिना'बरोबर विभागून. अभिनेता (अल्काफ) आणि अभिनेत्री (धालिया) हे पुरस्कारही 'तारमिना'तल्या कलाकारांबरोबर वाटले गेले आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार 'तारमिना'च्या लिलिक सुजियोंना गेला. त्या निकालावर तेव्हाच टीका झाली होती.

त्याआधी हा चित्रपट १९५४ च्या तोक्योतल्या आशियाई महोत्सवाला पाठवायचा बेत होता. युद्धभरपाईवरून जपानशी संबंध ताणलेले असल्याने सरकारने परवानगी दिली नाही.

जुनी प्रत आणि पुनर्संचयित प्रत यांत फरक काय? कोणती पाहावी?

पुनर्संचयित प्रतच पाहावी. जकार्तातल्या सिनेमातेक इंडोनेशिया या संग्रहालयाने (स्थापना १९७५) मूळ निगेटिव्ह जपून ठेवली होती. उष्ण आणि दमट हवेत फिल्मचे दोन शत्रू असतात. एक बुरशी: ती चित्रावर डाग आणि जाळ्या पाडते. दुसरा आम्लविघटन: फिल्मचा पाया विघटित होऊन व्हिनेगरसारखा वास येतो, पट्टी आकसते, वाकते आणि यंत्रात नीट बसत नाही. एकदा हे सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त थंडाव्यात ठेवून लांबवता येतं. म्हणून वेळेत स्कॅन करणं महत्त्वाचं.

सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पुढाकार घेतला, अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींचं वर्ल्ड सिनेमा फाउंडेशन सोबत आलं आणि काम इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत झालं. मे २०१२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्लासिक्स' विभागात ही प्रत दाखवली गेली. त्याच वर्षी त्याच विभागात उदय शंकर यांचा 'कल्पना' (१९४८) सुद्धा त्याच फाउंडेशनच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आला होता.

डिस्क घ्यायची तर काय तपासावं?

क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीच्या 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट'च्या तिसऱ्या संचात (२०२०) हा चित्रपट आहे. ती डिस्क अमेरिकेच्या प्रदेशासाठी बनलेली: ब्लू-रे 'ए' प्रदेशाची. भारतात विकले जाणारे ब्लू-रे प्लेअर 'सी' प्रदेशाचे असतात, डीव्हीडीसाठी भारत ५ व्या प्रदेशात येतो. प्लेअर सर्व प्रदेशांचा नसेल तर डिस्क आत जाईल, पण चालणार नाही. आधी प्लेअर तपासा, मग पैसे खर्च करा.

आणखी एक: विकत घेतलेली डिस्क घरी पाहण्यासाठी असते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि भारतात सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र किंवा महोत्सवांसाठीची सूट लागते. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून तारीख जाहीर करण्याआधी तो सुरू करा.

माझी प्रत १०१ मिनिटांची नाही, ९७ ची आहे. कापलेली आहे का?

बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला आहे. तो २५ चौकटींच्या टीव्ही पद्धतीने चालवला की १०१ मिनिटांचा जवळपास ९७ मिनिटांत संपतो आणि आवाजाचा सूर किंचित चढतो. मात्र अशा प्रतीला २४ साठी बनवलेली सबटायटलची फाइल जोडली तर ती दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद मागे पडत जाते. सुरुवातीला बरोबर वाटतं आणि शेवटाला चार मिनिटांचा फरक पडतो. फाइल पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही, तिचा वेग बदलावा लागतो. जोडल्यावर पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तीन वाक्यं तपासा.

प्रोजेक्टरवर दाखवताना काय बिघडतं?

चित्राचं प्रमाण. हा चित्रपट जवळपास चौकोनी आहे, १.३७ ला १. आजचे पडदे १६ ला ९. यंत्र 'पूर्ण पडदा' या सेटिंगवर असेल तर माणसं ३० टक्के रुंद दिसतात. 'झूम' केलं तर वरून-खालून मिळून २३ टक्के चित्र कापलं जातं, आणि पहिल्याच प्रसंगात रात्रीच्या रस्त्यावर चालणारी पावलं त्यात जाऊ शकतात. ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर चित्र ६ फूट २ इंच रुंद यायला हवं, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ११ इंच काळी पट्टी सोडून. पट्टी दिसली की कुणीतरी रिमोट घेऊन 'दुरुस्त' करायला उठतं. आधीच सांगून ठेवा.

बरीचशी गोष्ट रात्री घडते, त्यामुळे खोलीत अंधार पूर्ण हवा. खिडकीतून थोडा जरी उजेड आला तरी इस्कंदरचा चेहरा नाहीसा होतो. प्रोजेक्टरचा 'तेजस्वी' मोड बंद ठेवा, तो काळा रंग करडा करतो. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करण्याची सोय बंद करा. आवाज एकाच वाहिनीचा आहे, 'हॉल' किंवा 'सराउंड' परिणाम लावला की संवाद घुमतात. हे सगळं लोक यायच्या तासभर आधी बघावं.

हिंदी चित्रपटांशी तुलना करता येईल का?

कथेची तुलना फार दूर जात नाही. पण बाजारातला संबंध खरा आहे. पन्नाशीच्या दशकात आयात झालेल्या हिंदी चित्रपटांना इंडोनेशियात एवढी गर्दी व्हायची की स्थानिक निर्माते हैराण झाले, आणि १९५७ मध्ये त्यांनी निषेध म्हणून स्टुडिओ बंद ठेवले. हिंदी चित्रपटांच्या लोकप्रियतेचा आपल्याला अभिमान वाटतो तेव्हा दुसऱ्या बाजूला पेर्फिनीसारख्या संस्था होत्या हेही माहीत असावं.

यानंतर काय पाहावं?

आधी 'दाराह दान दोआ' (१९५०): इंडोनेशियन सैन्याच्या सिलिवांगी डिव्हिजनची मध्य जावातून पश्चिम जावाकडची पायपीट, आणि वीराला वीर न बनवण्याची उस्मार यांची सवय तिथेच दिसते. मग त्यांचाच 'तिगा दारा' (१९५७), तीन बहिणींचा गाण्यांनी भरलेला विनोदी चित्रपट. पेर्फिनीला तगवण्यासाठी तो काढला आणि तो तुफान चालला. त्याचंही २०१६ मध्ये पुनर्संचयन झालं. पूजाचं काम आवडलं असेल तर बांबांग हेर्मांतो यांचा 'पेजुआंग' (१९६०) शोधा. दिग्दर्शक पुन्हा उस्मार, विषय पुन्हा क्रांतीतले सैनिक, आणि या भूमिकेसाठी हेर्मांतो यांना १९६१ च्या मॉस्को महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.